फुले फक्त घरच्यांची

तीस वर्षं थॉर्नशॉची बस चालवलेल्या हेडली सगडनने एकाहत्तराव्या वर्षी जाहीर केलं, की आपण यॉर्कशरमधून एकटे सायकलवर निघणार आणि कॉर्नवॉलच्या टोकापर्यंत जाणार. त्यावर जमेल तो पैसा, त्याची बायको थेल्मा जिथे वारली त्या शुश्रूषागृहाला. गावाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचं काही विचारलं नाही. आमच्या गावात माणसाने कसलंही खूळ डोक्यात घ्यावं, ते धर्मादायासाठी आहे म्हणून सांगितलं की झालं. खाटकाच्या बायकोने शाळेच्या गळक्या छपरासाठी डबाबंद घेवड्याच्या उसळीने भरलेल्या टबात अख्खा दिवस काढला होता, आणि पाद्रीबाबांनी तिथे जाऊन तिचं अभिनंदन केलं होतं. त्यापुढे सायकल म्हणजे किस झाड की पत्ती.

खरं कारण हेडलीने कोणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त थेल्माला ठाऊक होतं, कारण ते तिनेच त्याच्या डोक्यात घातलं होतं.

"क्लेमला भेटून ये," ती शेवटच्या आठवड्यात म्हणाली होती. क्लेम म्हणजे हेडलीचा थोरला भाऊ.

"काय म्हणून जाऊ? असाच उगाच?"

"भाऊ आहे तुझा."

"म्हणून काय झालं? दार वाजवल्यावर सांगायला काहीतरी कारण हवं ना."

"मग शोध कारण. तू हुशार आहेस असं तूच सांगत असतोस."

कारण शोधायला हेडलीला अडीच वर्षं लागली. धर्मादायाची सायकल असली, की कोणाचंही दार वाजवता येतं. "वर्गणी देता का" म्हणून आत शिरायचं, आणि मग जमलं तर बाकीचं बोलायचं. नाहीच जमलं तर पाच पौंड घेऊन निघायचं, कोणाची लाज गेली नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे भीडच कुटुंबप्रमुख असते.

भांडण वडिलांवरून झालं होतं. वडील मूळचे थॉर्नशॉचे. रेल्वेत सिग्नल ओढायची नोकरी घेऊन ते खाली श्रॉपशरमध्ये, हॉपबॅच नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. आई लवकर गेली. हेडली वयात आल्यावर काकाकडे थॉर्नशॉला आला आणि इथलाच झाला. क्लेमने लग्न केलं नाही, तो वडिलांपाशी राहिला. त्यांचं जेवणखाण, त्यांचे पाय चेपणं, त्यांच्या कोंबड्या, सगळं त्याने केलं. हेडली नाताळला जायचा आणि ईस्टरला फोन करायचा. एका रविवारी दुपारी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरला फोन गेला तो सोमवारी सकाळी. डॉक्टर आला तोवर वडील संपले होते.

अंत्यविधीनंतर घरी चहा होता. पंधरावीस माणसं हातात बशा धरून उभी होती आणि क्लेम किटली घेऊन फिरत होता. तेव्हा हेडली, हातातलं हॅमचं सँडविच तसंच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक फोन फिरवायला कोणाची बोटं झिजली नसती. रविवारीच डॉक्टर आला असता तर आज आपण हे सँडविच खात नसतो."

 मग कोणीतरी म्हणालं की दुपारनंतर उघडीप होईल. क्लेमने भावाकडे पाहिलं, किटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अजून चहा हवाय का कोणाला?" त्यानंतर तो हेडलीशी एक शब्द बोलला नाही. एकोणीस वर्षं झाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर दोन सुंभ होते.

नाताळाला मात्र कार्डं जायची. थेल्मा पाठवायची, दोघांच्या नावाने. तिकडूनही एक यायचं, बर्फात बसलेल्या रॉबिन पक्ष्याचं, आत नुसती सही: सी. सगडन. थेल्मा गेली आणि हेडलीला कार्डं कुठल्या खणात असतात तेही माहीत नव्हतं, म्हणून त्याचं गेलं नाही. पण तिकडूनही आलं नाही. पुढच्या नाताळाला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. क्लेम पंचाहत्तरीचा. दाराच्या फटीतून टपाल ज्या पायपुसण्यावर पडायचं, ते रिकामं पायपुसणं हेडली बघायचा आणि भावाचं वय मोजायचा. फोन नंबर होता. फोनही होता. पण फोन लावायचा आणि पलीकडून परक्या माणसाने "आपल्याला कळलं नाही का?" असं म्हणायचं, त्यापेक्षा सव्वाशे मैल सायकल मारलेली बरी, असा त्याचा हिशेब.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची मुलगी जॅनिस नकाशा घेऊन बसली.

"डॅड, चेशरमधून सरळ खाली सपाट रस्ता आहे. तू मध्येच श्रॉपशरच्या डोंगरात कशाला घुसतोयस?"

"तिकडून चढ कमी आहे."

जॅनिसने नकाशावरच्या दाट तपकिरी रेघांवर बोट फिरवलं. ती थेल्माची मुलगी होती. तिला कळलं, आणि कळलंय हे तिने बापाला कळू दिलं नाही. तिने पंक्चरचं सामान आणि एक मोबाइल पिशवीत भरला, आणि तो रोज चालू ठेवायची शपथ त्याला घातली.

पहिले दोन दिवस पाऊस. मे महिन्यातला, बारीक, मानेतून आत शिरणारा. हेडलीची सायकल जुनी, लोखंडी, त्याच्यासारखीच चढावर कुरकुरणारी. उंच कुंपणांच्या मधल्या अरुंद रस्त्यांवरून तो जात राहिला. पुढे ट्रॅक्टर आला की कुंपणात अंग चोरायचं, ट्रॅक्टरवाल्याने एक बोट उचलायचं, याने एक बोट उचलायचं. एका शेताच्या फाटकाशी अंडी ठेवलेली होती आणि शेजारी पैशाचा डबा. हेडलीने अंडी घेतली नाहीत, उकडणार कुठे, पण पावसात कलंडलेला पैशाचा डबा सरळ करून ठेवला. चेशरमधल्या एका गुत्त्याच्या मालकाने त्याच्या पाठीवरची धर्मादायाची पाटी वाचली आणि बिअरचे पैसे घेतले नाहीत.

"एकटेच निघालात?"

"एकटाच."

"बायको काय म्हणते?"

"तिनेच पाठवलंय," हेडली म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सायकल मारता मारता तो एक वाक्य घोकत होता: क्लेम, चूक माझी होती. थेल्माच्या आजारपणात त्याला ते उमगलं होतं, आणि उमगलं तेव्हापासून ते त्याला खात होतं. वाक्य सोपं होतं, पण मोठ्याने म्हणायला गेलं की घशात अडकायचं. म्हणून त्याने सरावासाठी ते एका कुरणाच्या फाटकावर रेलून गाईंना म्हणून दाखवलं. एका गाईने मान हलवली. इतकं तरी बरं, असं म्हणून तो पुढे निघाला. श्रॉपशरची हद्द लागली तशी त्याची सायकल हळू झाली. चढ होताच, पण तेवढ्यासाठी नाही.

हॉपबॅचला तो चौथ्या दिवशी दुपारी पोचला. रेल्वे कधीच उखडून नेलेली, पण सिग्नलवाल्याचं घर तसंच होतं. दाराला कुलूप.  मग त्याने बाजूची बाग पाहिली. वालाचे वेल काठ्यांना सुतळीने बांधलेले, प्रत्येक गाठ वडिलांची, दुहेरी, उजवीकडे ओढलेली. अशी गाठ जगात दोघांनाच येत होती आणि त्यातला एक रस्त्यावर सायकल धरून उभा होता. म्हणजे क्लेम होता. हेडलीच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ पळून जावंसंही वाटलं.

पोस्टाच्या दुकानात मिसेस प्यू नावाची जाडजूड बाई गल्ल्यावर होती. हेडलीने तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

"क्लेम सगडन घरी नाही वाटतं?"

"या वेळेला? या वेळेला तो वर बीकनच्या टेकडीवर असतो, राजा. भावाकडे."

"कोणाकडे?"

"भावाकडे. रोज जातो. पाऊस असो, नाहीतर बर्फ. कधी डबा घेऊन जातो, कधी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. फार जीव होता म्हणे दोघांचा."

हेडलीला काही सुधरेना. क्लेमला भाऊ एकच, आणि तो इथे दुकानात मिसेस प्यूसमोर उभा होता. "माणूस चुकत नाही ना तुमचा? थोरला सगडन, सिग्नलवाल्याचा?"

"तोच. का, तुम्ही त्याच्या ओळखीचे?"

"होतो," हेडली म्हणाला. "जुना."

"मग जा की वर. तुम्ही आलात तर बरं वाटेल त्याला. फार कोणाशी बोलत नाही तो. हे बन घ्या, तुमचं तोंड पांढरंफटक पडलंय."

बीकनचा चढ सायकलवर बसून चढता येत नाही. लहानपणी दोघं भाऊ सायकली ढकलत वर न्यायचे आणि ब्रेक न लावता खाली सोडायचे. क्लेमच्या पुढच्या दोन दातांचा हिशेब अजून त्या टेकडीकडे आहे. हेडली सायकल ढकलत वर निघाला आणि त्याच्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. क्लेमला वेड लागलं असेल. किंवा कोणीतरी भामटा हेडली सगडन म्हणून वर घर करून बसला असेल आणि क्लेमच्या हातचं जेवत असेल. या दुसऱ्या विचाराने त्याला इतका राग आला, की शेवटचा चढ तो न थांबता चढला.

वर कोणी नव्हतं. घर नव्हतं, झोपडी नव्हती. वारा, मेंढ्या, खाली तीन परगण्यांची हिरवळ, आणि एक नवं लाकडी बाक. दम खायला म्हणून हेडली त्याच्याकडे गेला. बाकाच्या पाठीवर पितळेची छोटी पाटी होती, घासून चकचकीत केलेली. त्याने चष्मा पुसला आणि वाचलं.

हेडली सगडन. त्याखाली जन्माचं वर्ष, अगदी बरोबर. त्यापुढे मृत्यूचं वर्ष. आणि सर्वांत खाली एक ओळ: तो म्हणत होता ते बरोबर होतं.

त्याने पुन्हा वाचलं. मग सायकल हातातून सुटली आणि गवतात आडवी झाली, ती त्याने उचलली नाही. त्या बाकावर बसायचं धाडस होईना, म्हणून तो शेजारी ओल्या गवतात बसला. त्याने खरोखर मनगट धरून नाडी पाहिली. आता यावर कोणी हसेल; पण आपलं नाव पितळेवर कोरलेलं, पुढे मेल्याचं वर्ष, आणि खाली आपल्या सख्ख्या भावाने आयुष्यात कधीच न म्हटलेलं वाक्य, असं समोर आलं की माणूस आधी नाडीच बघतो. नाडी चालू होती. उलट जरा जास्तच चालू होती. हेडलीला भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की चूक माझी होती हे चार दिवस घोकलेलं वाक्य आता कुठेच बसत नव्हतं.

"बसा की बाकावर," मागून आवाज आला. "गवत ओलं आहे."

काठी टेकत एक म्हातारा पलीकडच्या पायवाटेने वर येत होता. हातात पॉलिशची डबी, खांद्यावर फडकं. वाकलेला, वाळलेला, पण नाक तेच, वडिलांचं. हेडलीच्या डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात पिवळा रेनकोट, आणि एकोणीस वर्षांपूर्वी नसलेली पांढरी दाढी. शिवाय मेलेल्या माणसाचा चेहरा कोणी वाटसरूत शोधत नाही.

"बसा, बसा. माझ्या भावाचं बाक आहे. त्याला चालेल," क्लेम म्हणाला. "तीस वर्षं बस चालवायचा तो. लोकांना बसायला जागा देणं हेच काम होतं त्याचं."

हेडली उठून बाकाच्या टोकाला बसला. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं झालं होतं. क्लेमने फडक्यावर पॉलिश घेतलं आणि पाटी घासू लागला.

"धर्मादायासाठी निघालात वाटतं. कुठून आलात?"

"यॉर्कशर."

"हो? भाऊ तिथेच असायचा. थॉर्नशॉ." क्लेम घासतच होता. "मी तिथलं साप्ताहिक टपालाने मागवतो. अजूनही येतं. त्यात यायचं त्याच्याबद्दल मधूनमधून. बस खड्ड्यात गेली तेव्हा फोटो आला होता."

हेडलीला बोलायचं होतं, नाव सांगायचं होतं. पण क्लेम त्याच्याशी बोलत होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, सहज, ऊनपावसाबद्दल बोलावं तसा. सांगितलं तर तो गप्प होईल, या धास्तीने हेडली गप्प राहिला.

"काय... काय झालं होतं त्यांना?" त्याने विचारलं.

"बायको गेली त्याची. तिची बातमी वाचली. मी पत्र लिहायला घेतलं, पण काय लिहिणार? चार कागद फाडले. तेवढ्यात महिन्याभरात हाच गेला. लोकांचं होतं असं, एकामागोमाग. साप्ताहिकात दोन ओळी होत्या. सगडन, एच., शांतपणे, घरी. त्या नाताळाला कार्डही आलं नाही, तेव्हा मग शंकाच उरली नाही."

हेडलीच्या डोळ्यांसमोर हॅरल्ड सगडन उभा राहिला. कोळशाचा व्यापारी. थॉर्नशॉत दर तिसरा माणूस सगडन, पण हॅरल्डसारखा चिक्कू दुसरा नव्हता, आणि मुलगे बापावर गेले होते. शब्दामागे पैसे पडतात म्हणून त्यांनी बापाचं नावसुद्धा पूर्ण छापलं नव्हतं.

"अंत्यविधीला गेला होतात?" हेडलीने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"सूट घातला होता. बूटही पॉलिश केले. मग ती शेवटची ओळ पुन्हा वाचली." क्लेमने फडक्याची घडी घातली. "फुले फक्त घरच्यांची, असं लिहिलं होतं."

"तुम्ही घरचेच की."

"भाऊ होतो. पण बोलत नव्हतो. असा उगाच फुलं घेऊन जाऊन कोणाला अवघडवायचं?"

"फोन तरी करायचा. विचारायला."

"दुःखाच्या घरी? फोन?" क्लेमने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की यॉर्कशरमध्ये लोकांना हेही शिकवत नाहीत का. मग तो पाटीकडे वळला. "आता रोज येतो. एकदा बोलायचं राहून गेलं की मग फार बोलावं लागतं. त्याला सगळं सांगतो. वर्तमानपत्रही वाचून दाखवतो, रूबार्बच्या भाजीच्या प्रदर्शनाचा निकाल वगैरे. फार नाद त्याला रूबार्बचा. दरवर्षी दुसरा यायचा."

"एकदा पहिला आलो होतो," हेडली म्हणाला.

ते निघून गेलं तोंडातून. चार दिवस घोकलेलं वाक्य घशात राहिलं आणि हे बाहेर पडलं. क्लेमचा हात पाटीवर थांबला. हेडलीने हेल्मेट काढलं, चष्मा काढला, आणि काय करावं न सुचून दोन्ही मांडीवर धरून बसला.

क्लेम बराच वेळ बघत होता. पॉलिशची डबी घरंगळत उतारावरून खाली गेली. तो हळूच बाकावर बसला, मधे एका माणसाची जागा सोडून.

"तू मेलायस," तो म्हणाला.

"नाही रे."

"मी पाटी लावलीय."

"बघितली. तो हॅरल्ड होता. कोळसेवाला."

"हॅरल्ड," क्लेम म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हेडलीला वाटलं, आता हा खरंच जातो. तो उठू लागला तर क्लेमने काठी आडवी धरली. "दोन वर्षं रोज चढतोय मी ही टेकडी. या गुडघ्यांनी. एक फोन करता आला नाही तुला?"

"मी? काय म्हणून करू? मी जिवंत आहे हे सांगायला?"

"कार्ड तरी टाकायचं."

"कार्डं थेल्मा लिहायची!"

 एक मेंढी जवळ येऊन त्यांच्याकडे बघून गेली. हेडलीला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि त्यातलं आधी कोण ते ठरत नव्हतं. आपण मेलो समजून हा माणूस दोन वर्षं आपल्याशी बोलत होता, आणि आपण जिवंत असताना एकोणीस वर्षं नाही.

"ती खालची ओळ," हेडली म्हणाला. "ती काढ. मी बरोबर नव्हतो. हेच सांगायला आलोय मी, यॉर्कशरपासून. चूक माझी होती."

"ती मी मेलेल्या माणसाला दिली होती," क्लेम म्हणाला. "तू परत करायची नाहीस." मग त्याचा आवाज खाली आला. "रविवारी दुपारी फोन माझ्या हातात होता, हेडली. नंबरही फिरवत होतो. वडील म्हणाले, ठेव तो. डॉक्टर जेवायला बसले असतील, रविवारचं माणसाला घास तरी सुखाने गिळू दे. उद्या बघू. आणि मी ठेवला. तू त्या दिवशी बोललास ते खरं होतं, म्हणून तर मला तुझं तोंड बघवेना."

हेडलीने मान खाली घातली. हे त्याने थेल्माच्या मागे कोणालाच सांगितलं नव्हतं, जॅनिसलासुद्धा नाही. "थेल्माचंही असंच झालं," तो म्हणाला. "सबंध दुपार कळा सोसत होती. नर्सला बोलावतो म्हटलं तर म्हणे, नको, त्या पोरींची आताच कुठे चहाची वेळ झालीय. आणि मी बसून राहिलो, क्लेम. हात धरून. बेल माझ्या हाताशी होती. तिने नको म्हटलं आणि मी ऐकलं. तेव्हा मला कळलं, तुझ्या जागी मी असतो तरी वडिलांचं मीही ऐकलं असतं."

 क्लेमने मधल्या रिकाम्या जागेवर हात ठेवला, हेडलीच्या हातावर नव्हे, नुसत्या लाकडावर. हेडलीने खिशातला मिसेस प्यूचा बन काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तिथे ठेवला. क्लेमने तो खाल्ला.

"मग ही पाटी?" शेवटी हेडलीने विचारलं. "माझ्याकडे पेचकस आहे."

"राहू दे. ग्रामसभेने परवानगी द्यायला सहा महिने घेतले. काढायची म्हटलं तर पुन्हा अर्ज."

"पण मी जिवंत आहे."

"कायमचा थोडाच आहेस," क्लेम म्हणाला. "तेव्हा तारीख तेवढी बदलू."

रात्री हेडली वडिलांच्या खोलीत झोपला. दुसऱ्या दिवशी क्लेमने विचारलं, पुढे जायलाच हवं का. हेडली म्हणाला, लोकांनी पैसे दिलेत. यावर क्लेमचं काही म्हणणं नव्हतं, पैसे घेतले म्हणजे जायला हवं. फाटकाशी तो नुसता उभा राहिला. सायकल हलल्यावर म्हणाला, "रोज दुपारी बाराला फोन कर. फार बोलायला नको. आहेस एवढं सांग."

हेडली रोज करायचा. "आहे," तो म्हणायचा. "बरं," क्लेम म्हणायचा, आणि फोन ठेवायचा. हेरफर्डमधून केला, ग्लॉस्टरमधून केला, सॉमरसेटच्या एका दलदलीतून केला.

डेव्हनमध्ये आभाळ फाटलं. एक ओढा ओलांडताना सायकल घसरली, हेडली सायकलसकट पाण्यात गेला, आणि जॅनिसचा मोबाइल कामातून गेला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रविवार होता, सगळी दुकानं बंद. पुढच्या खेड्यात चर्चच्या आवारात चहा आणि स्कोन, म्हणजे साय लावून खायचे गोड पाव, मांडले होते, तिथे तो ओले मोजे पिळत बसला. बारा वाजून दोन तास होऊन गेले होते. एकदा चुकला फोन तर काय आभाळ कोसळतं, असं म्हणून त्याने दुसऱ्या स्कोनवर साय थापली.

तेवढ्यात आवारात पोलिसांची गाडी शिरली. एक तरुण हवालदार उतरला, टोपी काढून टेबलांमधून बघत बघत हेडलीपाशी आला.

"हेडली सगडन तुम्हीच का, सर?"

हेडलीच्या हातातली सुरी खाली पडली. जॅनिस, त्याच्या मनात आलं. नाहीतर क्लेम. पोलीस काय सांगायला येतात ते त्याला ठाऊक होतं. "कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, सर. तुम्ही आहात का, एवढंच बघायला सांगितलंय." हवालदाराने ओले मोजे पाहिले, स्कोन पाहिला. "श्रॉपशरहून एक म्हातारे गृहस्थ दुपारपासून ठाण्याला फोन करतायत. त्यांनी तीन परगण्यांतली ठाणी उठवली म्हणे. रविवारी जेवणाच्या वेळेला त्रास देतोय म्हणून दर वाक्याला माफी मागतात, आणि फोन काही ठेवत नाहीत. साहेब म्हणाले, त्या भावाला आधी शोध, नाहीतर आज आमच्यापैकी कोणी जेवत नाही."

हेडलीने ओल्या मोज्यानेच डोळे पुसले. चहाच्या टेबलावरच्या बाया तोंडं फिरवून स्कोनकडे बघू लागल्या. हवालदाराने नंबर लावून आपला फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"क्लेम," हेडली म्हणाला. "आहे मी."

पलीकडे खुर्ची ओढून कोणीतरी बसल्याचा आवाज आला.

"तू रविवारी फोन केलास," हेडली म्हणाला.

"हो," क्लेम म्हणाला. "केला."